बर्फाची पोथी

मंगळवारी सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये शर्मिष्ठाने मला दोनशे बाराव्या ओळीतला माणूस काढून टाकायला सांगितलं. आवाज न चढवता, लॅपटॉपवरची नजर न हलवता, जास्तीचा स्वल्पविराम काढायला सांगावा तसं. मी मान डोलावली आणि माऊस त्या ओळीवर नेला. छत्तीस वर्षांचा माणूस मी. मरोळच्या एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर बसून गेली बारा वर्षं जपानी व्हिडिओ गेम्समधली वाक्यं इंग्रजीत नीट उतरली आहेत की नाहीत, हे तपासतो. दहावीला मराठीत बेचाळीस मार्क होते, हा पोरगा भाषेवर पोट भरेल असं घरी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हे खेळ मारधाडीचे नव्हेत, निदान नव्हते. जपानी आरपीजी म्हणतात ते, साठ-साठ, ऐंशी-ऐंशी तासांचे. एक पोरगं घर सोडून निघतं, गावोगाव हिंडतं, भेटेल त्या माणसाशी बोलतं, आणि वाटेत राक्षस आडवा आला तर तोसुद्धा आपला टर्न येईपर्यंत मुकाट उभा राहतो. तुम्ही उठून चहा करून या, तो तिथेच असतो. माझ्या वयाच्या कितीतरी एकलकोंड्या पोरांना या खेळांनी वाढवलं असं मी कधी बोलून गेलो की ऑफिसातली मुलं आजोबांचं ऐकून घ्यावं तसं माझं ऐकून घेतात.

शर्मिष्ठा वांद्र्याची, सव्वीस वर्षांची, कामाला वाघ, आणि वाईट तर अजिबात नाही. तिच्याकडे फक्त आकडे होते. आम्ही ज्या खेळावर काम करत होतो तो चोवीस वर्षांपूर्वीचा, एका मोठ्या मालिकेतला पहिला. मालिकेला आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं म्हणून तोक्योची कंपनी तोच खेळ नव्याने बांधत होती, शेवटचा प्रयत्न म्हणून. मध्यंतरी त्याची जुनी आवृत्ती फोनवर निघाली होती, तेव्हा कोण कुठे किती वेळ थांबलं याची सगळी नोंद झाली. शंभरातले एक्याण्णव जण संभाषण सुरू झालं की ते पुढे ढकलतात. राक्षस आपली वाट बघत उभा आहे हे पाहून बऱ्याच जणांना तो बिघाड वाटला, तशा तक्रारीही आल्या. म्हणून नव्या आवृत्तीत टर्न नाही, राक्षस थेट अंगावर येणार. आणि ज्या गावकऱ्याचं बोलणं पाच टक्के लोकांनीही ऐकलं नसेल त्याला काढायचं. एवढं करून नाही खपला तर मालिकेचा बाजार उठला. मधूनच कुठूनतरी एखादा जुन्या वळणाचा खेळ गाजतो आणि लोक लिहितात, बघा, हे कुठे संपलंय. मरणाऱ्या माणसाला शेवटी जरा तरतरी येते तसं मला ते वाटतं, पण मी कुठे लिहायला जात नाही.

दोनशे बाराव्या ओळीतल्या माणसाला दोन टक्के लोकांनी ऐकलं होतं. राखाडी शाल पांघरून तो प्रत्येक गावाच्या पुलापाशी उभा असतो. पोरगं त्याच्याजवळ गेलं की तो एकच वाक्य बोलतो, दर गावात तेच. “आज वारा फार आहे. उद्या सांगतो.” शर्मिष्ठा म्हणाली की तो शेवटपर्यंत काही सांगतच नाही, त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, मग ठेवायचा कशाला. बरोबरच होतं तिचं. मी माऊसवर बोट ठेवून बसलो. मला तिला सांगता आलं असतं की या माणसामुळे घाटकोपरला एक बाई सव्वीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याची अजून वाट बघते आहे. पण असलं काही ऑफिसात बोलायचं नसतं. मी म्हटलं, जेवल्यावर काढतो.

आणि जेवायच्या आधीच अक्षताचा फोन आला. योगायोग म्हणावा तर तोही नाही, कारण ती गेले पंधरा दिवस रोजच फोन करत होती. अक्षता म्हणजे सुनंदाकाकींची मुलगी. घाटकोपरच्या भटवाडीत आमची आणि त्यांची खोली एकाच मजल्यावर, मधे फक्त जिना. इमारत आता पाडायची ठरली होती, नवी होणार होती, सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या आणि एकट्या काकींची अडली होती. खोली गुणाजीकाकांच्या नावावर, आणि काका एकोणीसशे नव्व्याण्णव सालापासून बेपत्ता. वकिलाने सोपा रस्ता दाखवला होता: सात वर्षांहून जास्त काळ पत्ता नाही, त्यांना मृत समजावं, असा कोर्टात अर्ज करायचा. अर्ज टाइप होऊन आला होता. काकी त्यावर सही करेनात. महिनाअखेरपर्यंत अर्ज गेला नाही तर त्यांची नवी खोली वादात टाकून कुलूपबंद ठेवणार, असं सोसायटीने कळवलं होतं, म्हणजे काकी सत्तराव्या वर्षी रस्त्यावर. अक्षता मुलुंडला सासरी, दीड खोलीत पाच माणसं. ती रडत नव्हती, थकली होती. म्हणाली, “दादा, तुझं ती ऐकते. कशाच्या जोरावर बसलीये तेच मला कळत नाही यार. कोण सांगून गेलंय तिला की बाबा येणार आहेत?”

मी सांगून गेलो होतो. हे वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, मग अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मरोळ नाक्यावर येऊन मेट्रोत बसलो. मेट्रोत माझ्यासमोर बसलेला मुलगा फोनवर काहीतरी खेळत होता. दर दोन सेकंदाला स्क्रीनवर काहीतरी फुटत होतं आणि त्याचा अंगठा एका क्षणाचीही उसंत घेत नव्हता. त्याचा मला राग आला, उगाचच, आणि मग लाजही वाटली, कारण थांबण्याचं कौतुक करणारा मी कोण. थांबून थांबून मी काय केलं ते मला माहीत होतं. चौदा वर्षं झाली मला या गोष्टीचा शेवट कळून. या चौदा वर्षांत मी काकींच्या हातचे घावणे खाल्ले, त्यांचा मोतीबिंदू काढायला बरोबर गेलो, त्यांना फोनवर व्हिडिओ कॉल लावायला शिकवला, आणि दर वेळी जिना चढताना ठरवलं की आज सांगू, आणि दर वेळी काही ना काही निघालं. काकींना ताप होता, अक्षताचं लग्न होतं, गणपती होते.

दोन हजार तीनची मे महिन्याची सुट्टी. आखातात नोकरीला असलेल्या मामाने मला प्लेस्टेशन आणून दिलं होतं आणि वडिलांनी आमच्या टीव्हीला ते लावायला बंदी केली होती, पिक्चर ट्यूब जाते म्हणून. काकींचा टीव्ही दुपारचा बंदच असे. काका जाऊन चार वर्षं झाली होती. मिल बंद पडल्यावर ते मुलुंडला एका गोदामावर वॉचमन होते, एका सकाळी डबा घेऊन निघाले आणि गोदामावर पोचलेच नाहीत. काकी साड्यांना फॉल लावून घर चालवत होत्या. मी विचारलं, त्या म्हणाल्या आण, माका सोबत होयत. तर मी फूटपाथवरच्या एका गाड्यावरून एक सीडी घेतली, मागे बर्फाचं चित्र होतं. आणून लावली तर आतलं सगळं जपानी. एक अक्षर कळेना. पण येताना मी काकींना सांगून ठेवलेलं होतं की यात मोठी गोष्ट असते, इंग्रजीत असते आणि मला ती वाचता येते. काकींनी साडी मांडीवर घेतली, सुई ओवली आणि म्हणाल्या, “वाच मगे. काय म्हणता तो?”

मी वाचायला लागलो. काय वाचत होतो देवाला ठाऊक. पडद्यावर पोरगं दिसे, बर्फ दिसे, म्हातारी दिसे, खाली जपानी अक्षरं उमटत, आणि मी त्यांच्याकडे बोट दाखवून तोंडाला येईल ते सांगे. चार दिवसांत काकींनी त्याची पोथी केली. त्यांच्या माहेरी मालवणकडे श्रावणात पोथी लागे, तेच सगळे नियम त्यांनी इकडे आणले. हातपाय धुऊन बसायचं. अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही. खेळात जिथे आपली प्रगती राखून ठेवता येते तिथे मंद घंटा वाजायची, ती वाजली की अध्याय संपला. मग काकी सुई साडीला टोचून ठेवत, पडद्याला नमस्कार करत आणि माझ्या तळहातावर चिमूटभर साखर घालत. सहा वर्षांची असताना जिचे बाबा गेले ती अक्षता त्या वेळी दहाची होती. ती शेजारी झोपलेली असे, तिला यात रस नव्हता. लढाया आल्या की काकी हातातलं काम थांबवून बघत. राक्षस आपला टर्न येईपर्यंत उभा राहतो हे त्यांना फारच आवडलं होतं. “बरो आसा,” त्या म्हणत. “थांबता तरी.”

मग दुसऱ्या गावाच्या पुलावर तो राखाडी शालवाला दिसला. पहिल्या गावातही होता, तिसऱ्यातही निघाला. काकींनी विचारलं, “ह्यो कोण रे? सारखो मागसून येता.” मी अक्षरांकडे पाहिलं, मग काकींकडे पाहिलं. त्यांची सुई थांबली होती. मी लबाड नव्हतो, आजही माझा तसा दावा आहे, पण त्या थांबलेल्या सुईला मी घाबरलो. म्हटलं, “बाप आहे त्याचा. ओळख देत नाही अजून. शाप आहे त्याला.” काकींनी मग विचारलं, काय म्हणता तो? मी म्हटलं, म्हणतोय की मी आहे, तू पुढे चल, वेळ आली की घरी येईन. त्या दिवशी साखर जास्त मिळाली, हे मला आठवतं, आणि हे आठवतं म्हणून अजून लाज वाटते. पुढे दिवाळीच्या सुमारास प्लेस्टेशन जळालं. शेवट काही बघायचा राहिला. पोथी अर्धी ठेवू नये म्हणून काकी अस्वस्थ झाल्या, आणि मी जिन्यात उभ्याउभ्या त्यांना शेवट सांगून टाकला: बाप घरी येतो. घरात दिवा लागलेला असतो, आणि येतो.

काकी अडाणी नव्हत्या. टीव्हीतल्या खेळावरून आपला नवरा येणार की नाही हे ठरवणारी बाई नव्हती ती. पण माणसाला एखादी खुंटी लागते, जिला हवं ते अडकवून ठेवता येतं, आणि ती मी त्यांच्या भिंतीला ठोकून दिली होती. हे मला दोन हजार अकरामध्ये कळलं. तेव्हा मी दादरला जपानीच्या क्लासला जात होतो, कशासाठी जात होतो तेही सांगायला नको, आणि कुठूनतरी तीच सीडी मिळवून शब्दकोश घेऊन खेळायला बसलो होतो. पोराचा बाप पहिल्या दहा मिनिटांतच बर्फात मेलेला असतो. पोराला ते माहीत नसतं, म्हणून ते निघतं. शालवाल्याने बापाला पुरलेलं असतं. ते पोराला सांगायला तो गावोगाव मागे जातो, आणि प्रत्येक पुलावर त्याचा धीर सुटतो. आज वारा फार आहे. उद्या सांगतो. शेवटी थडगं पोरालाच सापडतं, त्याच्यावर ती शाल घातलेली असते. मी हे वाचून संपवलं त्याच आठवड्यात गावाहून काकींचे दीर आले होते. बारा वर्षं पूर्ण झाली होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देऊन मोकळे होतात. दीर त्यासाठी आले होते. काकींनी त्यांना जेवायला वाढलं आणि सांगितलं, येतले ते. नंतर मला जिन्यात गाठून जरा हसून म्हणाल्या, “तुझ्या पोथीतलो बापूस इलो ना? मगे.” मी बावीस वर्षांचा होतो. मी हसलो.

काकींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात फॉलच होता. आता त्या बाहेरचं काम घेत नाहीत, पण हाताला चाळा लागतो. खोलीत अर्धं सामान खोक्यांत भरलेलं होतं. भरलं होतं म्हणजे अक्षताने भरलं होतं, काकी त्यातलं रोज एकेक काढून परत जागेवर ठेवत होत्या. टेबलावर अर्ज होता, वर पितळेचा तांब्या ठेवलेला. त्यांनी विचारलं, अक्षताने पाठवलं ना? मी हो म्हटलं. तिने सांगितलं म्हणून आलास तर चहा घे आणि जा, त्या म्हणाल्या. मी म्हटलं की चहा नको. मी खाली बसलो, फोनवर तो खेळ काढला, पहिलं गाव काढलं, पूल काढला, आणि शालवाल्यापाशी पोराला नेऊन फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. बावीस वर्षांनी बघत होत्या, तरी चेहरा उजळला. किती बारीक झालो ह्यो, म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं. सीडी जपानी होती इथपासून सुरुवात केली. बाप कधी मेला, शालवाला कोण, तो खरं काय म्हणतो, थडगं, सगळं. सांगताना माझा आवाज ऑफिसातल्यासारखा निघत होता, मुद्द्यांनी बोलत होतो. थांबलो तेव्हा खालच्या गल्लीत कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं, चार, पाच.

काकींनी दोरा दातांनी तोडला. फोन अजून त्यांच्या मांडीवर होता आणि त्यातला माणूस पुलावर उभा होता. मला वाटलं त्या रडतील, किंवा मारतील, आणि मारलं असतं तर फार बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “तुका ह्या कधी कळला?”

“अकरा साली.”

“भावोजी इले होते तेव्हा.”

“हो.”

“बारको होतंस तेव्हाचा सोड,” त्या म्हणाल्या. “पोरगो काय बोलात त्येका काय अर्थ. पण मोठो झाल्यार गप कित्याक रवलंस? माका सांगणारो कोण नव्हतो, सुबोध. एक तूच होतंस.” मी तोंड उघडलं. म्हणणार होतो की धीर झाला नाही, पण तसा धीर सुटलेला माणूस त्यांना आताच दाखवून झाला होता. काकींनी फोन बंद न करता माझ्या हातात दिला, उठून गॅसपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मी चपला घातल्या. दार ओढताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो तर दोनशे बारावी ओळ तिथेच होती. जुन्या पद्धतीने सांगायचं तर तो माझी वाट बघत होता. मी ती काढली. शर्मिष्ठाने अंगठ्याचं चित्र पाठवलं. शुक्रवारपर्यंत मी तशाच ओळी काढत होतो, विहिरीवरची बाई, सुतार, सारखं हवेबद्दल बोलणारा पोस्टमन, आणि मला त्यांचं वाईट वाटेनासं झालं, उलट एक घाणेरडं समाधान वाटायला लागलं. निदान आता कुणी यांच्यापाशी थांबणार नाही. कुणी कुणाला आपल्या मनचं काही वाचून दाखवणार नाही. मालिका पडेल, आमचा विभाग बंद होईल, मला दुसरं काही येत नाही, सगळं दिसत होतं. तरी मनात खोल कुठेतरी मी फक्त फोनची वाट बघत होतो. शनिवारी आला. अक्षता म्हणाली की आईने सही केली, काही बोलली नाही, तांब्या उचलला आणि केली. पळसाच्या पुतळ्यालाही तयार झाली, भटजींनी सोमवार सांगितलाय. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, “दादा, अग्नी मी देणार होते. आई म्हणते सुबोध देईल. का म्हणून विचारलं तर म्हणते त्येका विचार. काय झालंय तुमच्यात?” मी म्हटलं, देतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिने परत मागितलं नाही.

सोमवारी सकाळी स्मशानात आम्ही चौघंच होतो, भटजी धरून. विद्युतदाहिनीच्या मागे लाकडांचा एक जुना ओटा आहे, त्यावर पुतळा मांडला होता. पळसाची पानं दर्भाने बांधलेली, नारळाचं डोकं, पांढरं फडकं. एवढासा होता, अक्षताच्या मुलाएवढा. काकी आल्या होत्या. बायका येत नाहीत असं भटजींनी चाचरत सांगितलं, काकी कडेच्या बाकावर बसून राहिल्या, मग विषय संपला. मृताचं नाव विचारलं. गुणाजी. गोत्र कुणालाच माहीत नव्हतं, भटजींनी काश्यप धरलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, आपलं नातं काय? मी अक्षताकडे पाहिलं, ती खाली बघत होती. शेजारी म्हणावं की मुलासारखा म्हणावं, ठरवत होतो.

“इतकी वर्सा त्यांका ह्येनाच जितो ठेवल्यान,” काकी बाकावरून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. “म्हणान तोच.”

भटजींना यातलं काय कळलं कोण जाणे, त्यांनी माझ्या हातात पेटती काडी दिली. अक्षताने खालून माझं मनगट धरलं. पानं वाळलेली होती. पायापासून पेटली ती सरळ वर चढली, फडकं एका झपाट्यात गेलं, नारळाची शेंडी चुरचुरली आणि तो एका बाजूला कलंडला. धूर काकींच्या अंगावरून गेला, त्या हलल्या नाहीत. भटजी मंत्र म्हणत होते, ते संपायच्या आधीच ओट्यावर थोडी राख आणि काळा नारळ उरला. काकी उठून माझ्याजवळ आल्या. राखेकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं, अजून कुठे काही चालू आहे का बघावं तसं.

“इतक्यात झाला?” त्यांनी मला विचारलं.

मला दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. मी हो म्हटलं.